जीपचा पुढचा ॲक्सल चार इंचांनी आखूड करताना

गेल्या पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूच्या एका शेतरस्त्यावर माझी जीप काळ्या मातीत रुतली. ओढून बाहेर काढल्यावर मी मागे जाऊन चाकांचे माग पाहिले आणि वर्षभर पुढे ढकललेले काम आता करायलाच हवे, हे तिथेच ठरवले. पुढच्या चाकांनी चिखलात स्वतःची चाकोरी पाडली होती आणि मागची चाके तिच्यात न पडता प्रत्येक बाजूला दोन इंच आतून स्वतंत्र चाकोरी कापत आली होती. पुढच्या चाकाने दाबून घट्ट केलेल्या तळावरून मागचे चाक सहज जाते. माग जुळत नसतील तर इंजिनाला दोनऐवजी चार चर खणावे लागतात, आणि माळव्याच्या भिजलेल्या काळ्या मातीत हा फरक फार मोठा असतो.

माग न जुळण्याचे कारण मला ठाऊक होते. ही जीप माझ्या मामांची. ८० इंच व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये तेवढे अंतर असलेली, ही जुनी गाडी त्यांनी महूत असताना अनेक वर्षे चालवली. मूळच्या पुढच्या ॲक्सलचे सांधे मोठ्या टायरांचा भार सोसत नसल्यामुळे मी लष्करी लिलावातून आलेल्या एका रुंद गाडीचा पुढचा ॲक्सल घेतला. चाक ज्या फ्लँजवर बसते तिथपासून पलीकडच्या फ्लँजपर्यंत त्याचे माप ५७ इंच होते, तर मी आधीच बदललेल्या मागच्या ॲक्सलचे ५३ इंच. पुढचा ॲक्सल चार इंचांनी आखूड करणे एवढेच करायचे होते, पण या चार इंचांनी माझे सात महिने घेतले. त्या काळात जे शिकलो ते नीट लिहून ठेवावे, म्हणजे असे काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या कोणाचे हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचे बाहेरचे लोखंडी कवच, वाया जाणार नाही, या हेतूने हे लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे माझी ही जीप सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. ती ट्रेलरवर चढवून शेतापर्यंत किंवा खाजगी ट्रॅकपर्यंत नेली जाते. नेहमीच्या वापरातल्या गाडीवर हे काम कोणी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

माझे पहिले हाउसिंग वायाच गेले होते. शहरातल्या एका वर्कशॉपने हाउसिंगची डावी नळी मधोमध कापली, चार इंचांचा तुकडा काढला आणि दोन टोके समोरासमोर ठेवून एका दमात सगळीकडून वेल्डिंग केले. दिसायला काम सुबक होते. घरी आणून मी नळीवर ताणून दोरा धरला, तेव्हा मधे जवळजवळ तीन मिलिमीटरची कमान दिसली. चाक फिरवणारा शाफ्ट आत घातल्यावर तो तेलाच्या सीलला एका अंगाने घासत होता आणि हाताने फिरवताना प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी जड होत होता. वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो आणि जिकडे तो जास्त पडतो तिकडे नळीला ओढतो. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती मी हाउसिंग दिले होते. दुसरे हाउसिंग मिळाले, पण भीतीपोटी मी ते न कापता तसेच जीपखाली बसवले, आणि त्याचेच माग मला चोरलच्या चिखलात दिसले.

या वेळी मी इंदूरच्या पोलोग्राउंड भागात लेथ चालवणाऱ्या एका काकांकडे गेलो. सत्तरीच्या आसपासचे हे मराठी गृहस्थ आयुष्यभर शाफ्ट आणि रोलर यांच्याच कामात राहिले आहेत. त्यांनी हाउसिंगकडे पाहिलेही नाही. पहिला प्रश्न विचारला, "तुझा पिनियन कुठे बघतो आहे, आणि किंगपिन कुठे बघतो आहे?" मी म्हणालो की ते मोजलेले नाही. "मग आधी मोजून ये. कापायला मला अर्धा तास लागतो."

हा प्रश्न सगळ्या कामाच्या मुळाशी आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पुढच्या अख्ख्या ॲक्सलमध्ये दोन कोन एकाच लोखंडात बांधलेले असतात. पहिला कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनचे वरचे टोक बाजूने पाहिले असता मागे किती झुकले आहे तो कोन. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते या झुकण्यामुळे. दुसरा पिनियनचा कोन, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचे नाक मागे ट्रान्सफर केसकडे, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या ॲक्सलकडे पाठवणाऱ्या पेटीकडे, किती वर उचललेले आहे तो. हाउसिंग फिरवून नाक वर उचलले की त्याच फिरण्याने किंगपिनचे वरचे टोक पुढे येते आणि तितकाच कॅस्टर कमी होतो. स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचर घालून कॅस्टर वाढवावा तर नाक खाली जाते आणि ट्रान्सफर केस व ॲक्सल जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस कुरकुरू लागतात. लांब व्हीलबेसच्या गाडीत हा झगडा फारसा जाणवत नाही. माझ्या जीपमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट जेमतेम २६ इंचांचा आहे आणि तेवढ्या लांबीत तो पाच इंच खाली उतरतो, म्हणजे त्याचा उतार अकरा अंशांच्या जवळ जातो. ट्रान्सफर केसच्या टोकाला मी दुहेरी सांध्याचा शाफ्ट लावला आहे. अशा शाफ्टला पिनियन जवळजवळ त्याच्याच रेषेत लागतो.

घरी येऊन मोजले. रुंद ॲक्सलची मूळ रचना अशी होती की कॅस्टर ३ अंश असताना नाक २ अंश वर असे. मला नाक १० अंश वर हवे होते. म्हणजे हाउसिंग ८ अंश फिरवायचे आणि कॅस्टर उणे ५ वर न्यायचा. अशी गाडी सरळ धावत नाही, स्टिअरिंग स्वतःच एका बाजूला पडते. मला कॅस्टर अधिक ५ हवा होता. तेव्हा एकच मार्ग उरला. नळीच्या टोकाला दाबून बसवलेले आणि वेल्डिंग केलेले किंगपिनचे घर, ज्याला त्याच्या आकारामुळे गॅरेजमध्ये सी म्हणतात, ते सोडवायचे आणि नळीवर १० अंश मागे फिरवून पुन्हा बसवायचे.

मी या मापांचा कागद घेऊन गेलो तेव्हा माझी समजूत होती की उजव्या बाजूला हात लावावा लागणार नाही. डिफरन्शियल उजवीकडे सरकलेले असल्यामुळे उजवी नळी आखूड आहे आणि पाट्याची बैठक तिथे ओतीव भागाला लागूनच आहे, त्यामुळे चारही इंच डाव्या लांब नळीतूनच काढायचे होते. काकांनी कागद वाचला आणि म्हणाले, "डावा सी दहा अंश फिरवणार, आणि उजवा?" तेव्हा मला उमगले. नाक वर उचलले की दोन्ही बाजूंचे किंगपिन फिरतात. एकाच बाजूचे परत आणले असते तर दोन चाकांच्या कॅस्टरमध्ये दहा अंशांचा फरक पडला असता. आखूड एकच बाजू करायची होती, पण सोडवायच्या दोन्ही होत्या.

डाव्या बाजूनेच कापण्याचा आणखी एक परिणाम आधी तपासला. डिफरन्शियल गाडीच्या मध्यरेषेपासून ८.५ इंच उजवीकडे होते. एका बाजूने ४ इंच कमी केले की मध्यरेषा २ इंच सरकते, म्हणजे ते ६.५ इंचांवर येणार होते. ट्रान्सफर केसचे पुढचे तोंड ७.५ इंचांवर आहे. आधी ते एक इंच बाहेर होते, आता एक इंच आत येणार होते, आणि २६ इंचांच्या शाफ्टमध्ये त्यामुळे दोन अंशांच्या आसपास आडवा कोन पडतो. तो चालण्यासारखा होता.

सी काढण्याचा दिवस माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा आहे. काकांनी आधी लेआउटचा निळा रंग लावला आणि त्यावर नळीवर आणि सीवर अशी एकच रेघ सुईने ओढली. मग हाउसिंग बांधून ग्राइंडरने वेल्डिंगचा कडा हळूहळू उतरवला. नळीचा काळपट पृष्ठभाग आणि सीचे करडे लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेषा पूर्ण वर्तुळात दिसेपर्यंत ते थांबले नाहीत. ती रेषा म्हणजे दोन वस्तूंमधली मूळ फट. ती दिसण्याआधी घण मारला तर नळी फाटते, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर ज्योतीने सी तापवला, आतून लाकडी ठोकळा लावला आणि घणाचे अकरा घाव मोजून मारले. बाराव्या घावाला सी अर्धा इंच सरकला.

नळी ७० मिलिमीटर व्यासाची आहे, म्हणजे तिच्या अंगावर एक अंश म्हणजे फक्त ०.६ मिलिमीटर. दहा अंश म्हणजे जेमतेम दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). रेघेवर रेघ जुळवून एवढी अचूकता मिळत नाही, सुईच्या रेघेचीच जाडी पाव अंश खाऊन टाकते. म्हणून रेघ फक्त अंदाजाला ठेवली आणि खरा कोन किंगपिनच्या बेअरिंगच्या छिद्रात बसवलेल्या गोल सळईवर डिजिटल कोनमापक ठेवून घेतला. प्रत्येक माप घेण्याआधी पिनियनच्या तोंडावर तोच मापक ठेवून शून्य धरले, कारण हाउसिंग टेबलावर जरासे हलले तरी सगळे आकडे खोटे ठरतात.

सरळपणासाठी काकांनी जे केले ते पहिल्या वर्कशॉपने केले नव्हते. डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या दोन बैठकींत घट्ट बसतील अशा लोखंडी चकत्या त्यांनी लेथवर काढल्या, तशाच दोन चकत्या दोन्ही सींच्या आतल्या छिद्रांसाठी काढल्या, आणि सगळ्यांच्या मधून ३८ मिलिमीटरची ग्राइंड केलेली सरळ सळई आरपार घातली. बेअरिंगच्या टोप्या पूर्ण कसून बसवल्या, कारण त्या ढिल्या असतील तर छिद्र गोल राहत नाही. ही सळई दोन बोटांनी फिरली पाहिजे आणि मागेपुढे सरकली पाहिजे. जोवर ती फिरते आहे तोवर नळी सरळ आहे. जड झाली की तिथेच थांबायचे.

वेल्डिंगला ई७०१८ जातीच्या रॉड भट्टीत वाळवून घेतल्या होत्या, कारण ओल धरलेल्या रॉडमुळे जोडात हायड्रोजन शिरतो आणि थंड झाल्यावर कधीतरी भेग पडते. सी दीडशे अंशांपर्यंत तापवला. चार टाके मारले, सळई फिरवून पाहिली. मग इंचभर वेल्डिंग, त्याच्या बरोबर समोर इंचभर, मग काटकोनात तसेच दोन, आणि प्रत्येक फेरीनंतर हात ठेवता येईल इतके थंड होईपर्यंत थांबणे. डाव्या बाजूला सव्वातीन तास गेले. तिसऱ्या फेरीनंतर सळई एका अंगाला जड झाली. डायल गेजने पाहिले तर नळी ०.८ मिलिमीटर पुढच्या बाजूला ओढली गेली होती. काकांनी वेल्डिंग थांबवले आणि नळीच्या बाहेर फुगलेल्या, म्हणजे मागच्या अंगाला, रुपयाएवढा एक ठिपका ज्योतीने लाल केला आणि तो आपोआप थंड होऊ दिला. तापलेला भाग आकसताना आपल्या बाजूला ओढतो. जो दोष वेल्डिंगने केला तोच नियम वापरून तो काढला. पंचवीस मिनिटांनी सळई पुन्हा दोन बोटांनी फिरू लागली. धातूचा हा स्वभाव मी पुस्तकात वाचला होता, पण त्या दिवशी तो समोर घडताना पाहिला.

आता शाफ्टविषयी. पुढच्या ॲक्सलमध्ये शाफ्टच्या टोकाचा क्रॉस किंगपिनच्या रेषेवर अचूक असावा लागतो, कारण चाक त्या रेषेभोवती वळते. क्रॉस तिथून आत किंवा बाहेर राहिला तर प्रत्येक वळणाला शाफ्ट डिफरन्शियलमध्ये पुढेमागे ओढला जातो आणि सील टिकत नाही. म्हणून शाफ्टची लांबी टोकापासून टोकापर्यंत घ्यायची नसते, क्रॉसच्या मध्यापासून आतल्या दात्यांच्या टोकापर्यंत घ्यायची असते. आतल्या टोकाला दोन मिलिमीटरची मोकळी जागाही ठेवायची असते.

आखूड शाफ्ट मिळवण्यासाठी इंदूरमध्ये मला तीन सल्ले मिळाले. पहिला, मधे कापून नळकांड्यात घालून वेल्डिंग करावे. हा सल्ला मी कोणालाही देणार नाही, कारण वेल्डिंगच्या बाजूचे लोखंड मऊही होते आणि ठिसूळही, आणि उताराच्या खडकावर एका चाकाला पूर्ण जोर आला की शाफ्ट तिथेच पिळवटतो. दुसरा, ईएन-८ च्या सळईतून नवा शाफ्ट काढावा. हे लोखंड सर्वत्र मिळते आणि कापायला सोपे आहे, पण पुढच्या ॲक्सलच्या शाफ्टसाठी ते मला अपुरे वाटते. नवाच काढायचा तर निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचे ईएन-२४ घ्यावे. तिसरा सल्ला काकांचा. माझ्या जुन्या शाफ्टचे अंग दात्यांच्या व्यासापेक्षा दीड मिलिमीटर जाड होते, त्यामुळे चार इंच कापून उरलेल्या टोकावर नवे दाते काढता येत होते. अडचण अशी की शाफ्टची वरची कातडीच कडक केलेली असते आणि आतले लोखंड चिवट पण मऊ असते. ती कातडी छिलून दाते काढले तर दाते मऊ लोखंडात येतात आणि काही महिन्यांत चिरडतात. म्हणून टोक आधी तापवून मऊ केले, हॉबिंगच्या यंत्रावर तीस दाते काढले, आणि मग सांवेर रोडच्या एका उष्णोपचार करणाऱ्या युनिटमध्ये तेवढाच भाग इंडक्शनने पुन्हा कडक करून घेतला. ज्या शाफ्टचे अंग मधे बारीक होत गेलेले असते त्याला हा मार्ग लागू होत नाही, हे घेण्याआधीच व्हर्नियरने पाहावे.

जोडणीत पाट्यांच्या बैठकी सर्वांत शेवटी वेल्ड केल्या. जीप सपाट फरशीवर तिच्या पूर्ण वजनानिशी उभी केली, नाक १० अंशांवर आणले, कॅस्टर पाहिला आणि मगच बैठकींना टाके मारले. ॲक्सल चेसिसला काटकोनात आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासले. पाट्यांच्या बोल्टपासून आणि ॲक्सलच्या दोन टोकांपासून ओळंबे सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या, कर्ण मोजले आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस पाहिला. फरक दोन मिलिमीटर आला. एक पाटा आपल्या मधल्या बोल्टवर नीट बसलेला नव्हता. तो बसवल्यावर फरक मिटला.

पुढच्या दोन चाकांना जोडून एकत्र वळवणारा टाय रॉडही चार इंच आखूड झाला. त्यामुळे चाकांच्या वळण्याच्या प्रमाणात फरक पडतो, आणि तोही दोऱ्याने पाहता येतो. किंगपिनपासून टाय रॉडच्या टोकावरून मागे ताणलेले दोन दोरे मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ भेटावेत, म्हणजे वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा योग्य तितके जास्त वळते. ही रचना अ‍ॅकरमनच्या नावाने ओळखली जाते. १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट त्याने घेतले, पण कल्पना म्युनिकच्या गाडीकार लांकेन्स्पेर्गरची होती आणि ती घोडागाड्यांसाठी होती. माझे दोरे किंगपिनपासून ९२ इंचांवर भेटले, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या एक फूट मागे, कारण नकल, म्हणजे किंगपिनभोवती चाकासह वळणारे भाग, शंभर इंच व्हीलबेसच्या गाडीसाठी घडवलेले होते. हिशेबाने टाय रॉड ज्याला जोडतो तो नकलचा दांडा दोन अंश जास्त आत हवा. डांबरी रस्त्यावर हा दोष टायर झिजवतो. मातीत तो जाणवत नाही, म्हणून मी तो तसाच ठेवला. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांचे तोंड किंचित आत वळलेले असणे, पुढच्या बाजूला दोन मिलिमीटर ठेवला. वळणाचे थांबे मात्र क्रॉसच्या कानांना कान लागण्याआधी अडतील असे नव्याने लावावे लागले.

नाक वर उचलल्यामुळे तेलाची पातळीही बदलते. भरण्याचे बूच हाउसिंगबरोबर फिरते, आणि नेहमीच्या पातळीला पिनियनच्या बाहेरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही. मी चाके उचलून, नाक खाली करून, पाव लिटरच्या आसपास जास्त तेल भरले.

शेवटच्या मोजणीत डाव्या चाकाचा कॅस्टर ५.१ आला आणि उजव्याचा ४.६. ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी किंचित ओढते, आणि माझी जीप हात सोडला तर हळूच उजवीकडे जाते. काकांना ते पटले नाही. पुढच्या उन्हाळ्यात हाउसिंग पुन्हा खाली उतरवून उजवा सी अर्धा अंश फिरवू, असे त्यांनी स्वतःच सुचवले आहे.

मागच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाल्यावर मी जीप ट्रेलरवरून त्याच शेतरस्त्यावर नेली आणि शंभर पावले हळू चालवून खाली उतरलो. चिखलात दोनच चाकोऱ्या होत्या. टेपने मोजले तर डाव्या बाजूला मागच्या टायरची कड पुढच्या टायरच्या कडेवरून एक सूत बाहेर गेली होती, उजव्या बाजूला तेवढीही नाही.